दुसरा ल

क्रूझर 'रोविन्यो', गायेतासमोर नांगरावर
रविवार, ११ मार्च १९३४, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं

प्रिय दाजी,

विमानाच्या पोटाखालचा तराफा गोड्या पाण्याने धुऊन आत्ताच मोकळा झालो. गोफणीखाली दोराच्या वेटोळ्यावर बसून, मांडीवर फळी घेऊन लिहितो आहे. अक्षर हललं तर जहाजाचा दोष समजा.

इल्देताईने विचारलं होतं की एवढ्या चिलखती जहाजावर विमान ठेवतात तरी कुठे. तिला सांगा, पुढच्या तोफांच्या पुढे, अगदी नाकाखाली एक खोली आहे. पंख दुमडले की विमान तिच्यात मावतं. खलाशी तिला खुराडं म्हणतात आणि आम्हाला कोंबडीवाले. रोज सकाळी कुणीतरी विचारतंच, "काय रे, आज अंडं घातलं का?" डेकवर रूळ आहे. दाबलेल्या हवेच्या जोरावर तो विमानाला दगडासारखं भिरकावून देतो, म्हणून ती गोफण. पाठवणं सोपं आहे, दाजी. परत घेणं अवघड. विमान पाण्यावर उतरतं आणि हळूहळू जहाजाच्या कुशीत येतं. निरीक्षक लेफ्टनंट वेझ्झोसी वरच्या पंखावर चढून उभे राहतात आणि यारीचा, म्हणजे जहाजाच्या क्रेनचा, आकडा हातात धरून विमानाच्या कडीत अडकवतात. मग विमान, वैमानिक आणि ते, सगळं त्या एका कडीवर लोंबकळतं.

आता मुख्य गोष्ट. यारी नौदलाची, विमान हवाईदलाचं, आणि कडी दोघांच्या मधली. म्हणून ती तपासायचं काम कुणीच घेईना. शेवटी आमची कडी स्पेझियाला तुमच्या गेर्झीसाहेबांच्या कारखान्यात गेली आणि मंगळवारी परत आली. चिठ्ठीवर सही नव्हती, फक्त शिक्का होता. पण मी ती वाचली आणि एकटाच हसलो. 'आनेलो तपासला, तीन टन, ठीक.' एकच ल! दाजी, बोटातली असो की विमानाची, कडी म्हणजे 'आनेल्लो', दोन ल. एका ल ने लिहिलं की त्याचा अर्थ होतो 'मी तळमळतो'. लग्नाआधी तुम्ही ताईला लिहिलं होतं, "तुझ्यासाठी सोन्याचा आनेलो घेतला." सोन्याची तळमळ! आई किती दिवस हसत होती. तेव्हाही मीच शिकवलं होतं.

म्हणजे आमची कडी आपल्या घरच्या माणसाच्या हाताखालून आली. मला फार बरं वाटलं. चिठ्ठी जशीच्या तशी, चुकीसकट, वहीत उतरवून घेतली आणि मूळ चिठ्ठी त्याच पानाला टाचणीने लावली.

एक विचारू? तपासताना कडीला वजन टांगतात, आणि ती तेलात बुडवून वर खडू फासतात ना, तडा असेल तर काळी रेघ उमटावी म्हणून? आमच्या कडीच्या खोबणीत खडूचा कणसुद्धा नव्हता. इतकं स्वच्छ कसं पुसता? मला शिकायचं आहे.

तुमचा,
ओरेस्ते

*

स्पेझिया, १८ मार्च १९३४

अरे मास्तर,

आनेल्लो. आनेल्लो. आनेल्लो. दोन दोन ल आहेत, मोजून घे आणि गुण दे. माणूस कारखान्यातून मरून घरी येतो आणि मेहुणा पत्रातून छडी मारतो! तुझी बहीण पोट धरून हसली. म्हटलं, बाई, जपून, आत कुणीतरी आहे. हो, मेमध्ये. आता तुलाही कळलं.

कारखान्याचं काय सांगू? नौदलाला सगळं काल हवं असतं, हवाईदलाला परवा. गेर्झीसाहेब डोक्यावर उभे. कड्या टांगतो, खडू लावतो, पुसतो. काम ते काम. तू खोबणीत नाक घालून खडू शोधत बसू नकोस, डोळे खराब होतील.

इल्देने चेस्टनटच्या पिठाचा केक पाठवला आहे. खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्यांना वाट.

एजिस्तो

*

क्रूझर 'रोविन्यो'
रविवार, १५ एप्रिल १९३४, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं

दाजी,

अजून बिगुल झालेला नाही. मी खुराड्यात रिकाम्या रुळांवर बसलो आहे. रिकाम्या म्हणतो, कारण विमान नाही.

गुरुवारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी ते उतरलं. थोडी लाट होती, फार नव्हती. लेफ्टनंट वेझ्झोसी नेहमीसारखे वर चढले. मी खाली दोर धरून उभा होतो. त्यांनी आकडा पकडला, अडकवला, हात वर केला आणि मला ओरडून म्हणाले, "चल रे व्याकरणकार, उचल तुझी कोंबडी!" ते मला तसंच म्हणायचे. त्यांच्या आईला जायची पत्रं मी शुद्ध करून, माझ्या अक्षरात उतरवून द्यायचो.

विमान पाण्याबाहेर आलं. माणसाच्या उंचीइतकं वर गेलं, दोन माणसांच्या उंचीइतकं गेलं. मग टाळी वाजावी तसा आवाज झाला. दाजी, मोठा नव्हता तो आवाज. कडी उघडली. विमान कुशीवर पडलं आणि पंख जहाजाच्या चिलखतावर आपटून कागदासारखा दुमडला. वैमानिक सार्जंट गाल्वान बाहेर आला. लेफ्टनंट विमान आणि जहाजाच्या मध्ये सापडले. आम्ही त्यांना वीस मिनिटांनी काढलं.

अर्धी कडी आकड्यातच राहिली. मी ती पाहिली. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग काळा होता, जुना गंज. फक्त एक कड ताजी, चकचकीत. म्हणजे तडा फार दिवसांपासून होता.

कडी मी बसवली. माझ्या हाताने. चिठ्ठीवर 'ठीक' लिहिलं होतं म्हणून बसवली.

आता चौकशी बसणार. नौदलवाले म्हणतात कडी हवाईदलाची, हवाईदलवाले म्हणतात जहाजाने घाई केली. दोघांचंही बोट फिरून माझ्यावर येतं. माझ्याकडे चिठ्ठी आहे आणि वही आहे. दुसरं काही नाही. मी तुमचं नाव कुणालाच सांगितलेलं नाही. चिठ्ठी तुमच्या हातची हे फक्त मला आणि तुम्हाला माहीत आहे. कदाचित ती कडी दुसऱ्या कुणी टांगली असेल आणि तुम्ही नुसती चिठ्ठी लिहिली असेल. तसंच असणार. मला लिहा.

ओरेस्ते

*

स्पेझिया, १९ एप्रिल १९३४

प्रिय ओरेस्ते,

तुझं पत्र मिळालं. इल्देला मी लेफ्टनंटचं सांगितलेलं नाही, या दिवसांत नको. तूही लिहू नकोस.

नीट ऐक. जहाजावर झडती होईल. तुझी वही कुणाच्या तरी खिशात जाईल आणि पुन्हा दिसणार नाही. तुझ्यासारख्या साध्या पोराला चेपणं अधिकाऱ्यांना सोपं. वही आणि चिठ्ठी माझ्याकडे पाठव. गेर्झीसाहेबांची मोठ्या लोकांत ऊठबस आहे. ते स्वतः चौकशीसमोर ठेवतील, म्हणजे कागदाला वजन येईल. रजिस्टर टपालाने पाठव, पावती जपून ठेव.

आणखी एक. इल्दे आणि मी ठरवलं आहे की बाळाचा धर्मपिता तू. सेंट जॉनच्या दिवशी, २४ जूनला बाप्तिस्मा करायचा. त्या दिवसाचं नातं आपल्याकडे रक्ताच्याही वरचं मानतात, तुला सांगायला नको. मी कुणा परक्याला हे मागितलं नसतं.

काळजी करू नकोस, मास्तर.

तुझा भाऊच,
एजिस्तो

*

क्रूझर 'रोविन्यो', तारान्तो
रविवार, २२ एप्रिल १९३४, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं

प्रिय दाजी,

पाकीट बांधून झालं, लाख लावून झाली, आता बंदरावर टपालात टाकायला निघतो आहे. आत वही आणि चिठ्ठी दोन्ही आहेत. चिठ्ठी पानाला लावलेलीच ठेवली. पान वेगळं काढणार होतो, पण वहीचं पान फाडणं मला जमत नाही. चौथीत मास्तरांनी पान फाडलं म्हणून एकदा मारलं होतं, तेव्हापासून.

इथे असण्यापेक्षा हे तुमच्याकडे असलेलं बरं. काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा.

धर्मपिता होण्याबद्दल मी दोनदा वाचलं. लाज वाटते सांगायला, पण त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच झोप लागली. इथल्या सोनाराकडे बाळासाठी चांदीचं छोटं पदक सांगून ठेवलं आहे. मागे नाव कोरायचं. मुलगा की मुलगी ते कळलं की त्याला कळवीन. स्पेलिंग मी स्वतः उभा राहून बघणार.

तुमचा,
ओरेस्ते

*

तारान्तो, नौदल तळ, पहाऱ्याची खोली
रविवार, १७ जून १९३४, सकाळी आठ वाजता

प्रिय ताई,

पहारेकऱ्याने आत्ताच पाव आणि कॉफी ठेवली. कॉफी बाजूला सारून लिहितो आहे, कारण कागद एकच मिळाला आहे आणि लिहायचं पुष्कळ आहे.

मुलगी झाल्याचं सार्जंट गाल्वानकडून कळलं. दाजींनी कळवलं नाही. एप्रिलपासून मी चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. मला वाटलं, बाळंतपणाची धावपळ असेल.

गुरुवारी माझ्या खटल्यात दाजी साक्षीला आले. निळा कोट घातला होता, तुझ्या लग्नातला. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी माझं पाकीट टेबलावर ठेवलं. माझी वही होती. चिठ्ठी उतरवून घेतलेलं ६ मार्चचं पान नव्हतं, शिवणीपाशी फाडलेलं. आणि एक चिठ्ठी होती, गेर्झींचा शिक्का असलेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'आनेल्लो तपासलेला नाही. वापरू नये.'

दोन ल, ताई.

मी म्हणालो, "ही ती चिठ्ठी नाही."

अध्यक्ष म्हातारे कॅप्टन आहेत, आवाज मऊ आहे. म्हणाले, "कशावरून?"

मी म्हणालो, "त्या चिठ्ठीत एकच ल होता, साहेब."

खोलीत हसू पसरलं. अध्यक्षही हसले. "पोरा, माणूस मेला आहे आणि तू शुद्धलेखन शिकवतोस?"

मी म्हणालो, "साहेब, माझे मेहुणे तो शब्द नेहमी एका ल ने लिहितात. ती चिठ्ठी त्यांच्या हातची होती."

मग त्यांनी दाजींना पेन्सिल दिली आणि म्हणाले, "लिहा बघू." दाजींनी पेन्सिल जिभेला लावली, तू रागावतेस तशी. हळूहळू लिहिलं. मला लांबूनही दिसत होतं. दोन ल. दुसऱ्यावर जरा जास्तच जोर. मग कागद वर धरून म्हणाले, "मला तर शाळेपासून असंच येतं, साहेब. पोरगा घाबरलाय. घरचाच आहे, पोटच्या पोरासारखा. त्याला सांभाळून घ्या."

हे ऐकून दोघा अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. चांगला माणूस, म्हणाले.

मी त्यांची पत्रं काढली. मार्चच्या पत्रात 'कड्या टांगतो, खडू लावतो' आहे, पण ही कडी टांगली असं कुठेच नाही. तेव्हा मला ती टाळाटाळ म्हणजे गंमत वाटली होती. आणि तो शब्द त्यांनी तिथे तीन वेळा लिहिला आहे, तिन्ही वेळा बरोबर, कारण मीच आदल्या पत्रात शिकवलं होतं. एप्रिलच्या पत्रात वही मागवली आहे, तर ते म्हणाले, "हो, मागवली. चौकशीसमोर ठेवायलाच, आणि ठेवली." मग माझं पत्र वाचून दाखवलं. 'इथे असण्यापेक्षा हे तुमच्याकडे असलेलं बरं. काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा.' अध्यक्षांनी ते वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ऐकताना ते माझं वाटलंच नाही.

ताई, जगात आता एकच कागद उरला आहे. दाजींनी लग्नाआधी तुला लिहिलेलं पत्र, 'सोन्याचा आनेलो घेतला' असलेलं. ते तू आईच्या बिस्किटांच्या डब्यात, रिबिनीखाली ठेवतेस. वरून तिसरं. वरच्या कोपऱ्यात तेलाचा डाग आहे. निकाल ३० तारखेला आहे. ते पत्र इथे आलं तर अध्यक्ष निदान पुन्हा विचारतील. मला दाजींना तुरुंगात घालायचं नाही. त्यांनी घाई केली असेल, सगळेच करतात. मला फक्त एवढंच हवं आहे की लेफ्टनंट वेझ्झोसींच्या आईने 'तपासली नाही हे माहीत असून त्या पोराने कडी बसवली' असं आयुष्यभर समजू नये. त्यांची पत्रं मीच लिहून द्यायचो. माझं अक्षर तिला ओळखू येतं.

रजिस्टर टपालाने पाठव. मुलीचा पापा घे.

तुझा,
ओरेस्ते

*

स्पेझिया, २५ जून १९३४

ओरू,

कालच बाप्तिस्मा झाला. बाळ रडलं नाही, पाणी पडलं तेव्हा फक्त डोळे मिचकावले, अगदी तुझ्यासारखे. नाव व्हियोला ठेवलं. धर्मपिता गेर्झीसाहेब झाले. यांना आता मुकादम केलं आहे, मग नाही कसं म्हणणार? सगळ्यांना बेसनाची गरम फारिनाता आणि पांढरी वाईन दिली. तुझी फार आठवण आली.

तू म्हणतोस ते पत्र डब्यात नाही. परवापर्यंत होतं की नाही, ते मला विचारू नकोस. जूनच्या उकाड्यात खोली गरम करायची चूल का पेटवली, असं शेजारीण विचारत होती. तिलाही मी काही सांगितलं नाही.

हे रात्री झोपत नाहीत. उठतात, बाळाच्या पाळण्यापाशी उभे राहतात. तू एकटा आहेस, ओरू. वर्ष-दीड वर्ष निघून जाईल, तू लहान आहेस. मी हे लिहिते आहे आणि मला माहीत आहे की मी काय लिहिते आहे. आईला वर जाऊन मीच उत्तर देईन.

यांना लिहू नकोस. मला लिही.

इल्दे

*

किल्ल्यातला लष्करी तुरुंग
रविवार, ८ जुलै १९३४, दुपारी चार वाजून पाच मिनिटं

श्री. एजिस्तो बेर्तोला यांस,

अंगणातली फेरी संपली. महिन्यातून एक पत्र लिहायची परवानगी आहे. या महिन्याचं तुम्हाला लिहितो आहे, पुढची ताईला लिहीन की नाही माहीत नाही. तिने लिहू नकोस म्हटलं होतं. तिचं ऐकत नाही, याबद्दल तिची माफी मागा.

अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुम्हाला कळलंच असेल. निकालानंतर अध्यक्षांनी मला जवळ बोलावून विचारलं, "पोरा, खरं सांग, त्या एका ल ची गोष्ट तुला सुचली तरी कशी?" मी म्हणालो, "सुचली नाही, साहेब, वाचली." त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं, त्यांना माझी कीव आली. विश्वास नाही आला.

लेफ्टनंटच्या आईला मी पत्र लिहायला बसलो होतो. पहिली ओळ लिहिली आणि थांबलो. माझं अक्षर बघून ती पाकीट उघडणारच नाही. तिच्यासाठी ते अक्षर आता तिच्या मुलाचं राहिलेलं नाही.

तुम्ही कडी टांगली नाहीत, हे मी विसरू शकलो असतो. चाळीस कड्या दोन दिवसांत असतील, आणि साहेब डोक्यावर. माझ्याकडूनही झालं असतं कदाचित. पण पान फाडताना तुम्ही वही उलटी धरून, शिवण सांभाळून, पट्टी लावून फाडलंत. उरलेल्या कडेवरून ते मला न्यायालयात दिसलं. इतकं नीट काम मी तुमच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. तेवढा वेळ त्या कडीला दिला असतात तर तिच्यातून काळी रेघ निघाली असती.

इथे एक नियम आहे. आत येताना जवळ असलेल्या पैशांचा हिशेब लिहून द्यावा लागतो. त्याची नक्कल तुम्हालाही देतो, कारण काही गोष्टी तुमच्या घरच्या आहेत.

खर्च:
वहीचं पाकीट, लाख आणि रजिस्टर टपाल, २२ एप्रिल: २ लिरा ९० सेंट. पावती जोडली आहे. मला आता तिचा उपयोग नाही.
लेफ्टनंट वेझ्झोसींच्या पुष्पचक्रात माझा वाटा: ५ लिरा.
उत्तर न आलेली चार पत्रं: २ लिरा.
ताईला रजिस्टर पत्र: १ लिरा ७५ सेंट.
चांदीच्या पदकाची आगाऊ रक्कम: १२ लिरा.

देणं:
सोनाराला पदकाचे उरलेले: ९ लिरा. इथे काम केलं की दिवसाला चाळीस सेंट मिळतात, तेवीस दिवसांत फिटतील. पदक ताईकडे येईल. मागे 'व्हियोला' कोरलं आहे, एवढंच. धर्मपित्याचं नाव कोरू नका, असं मी सोनाराला कळवलं आहे.

येणं:
श्री. एजिस्तो बेर्तोला यांच्याकडून: काही नाही. शिकवणीची फी मी कधीच घेतली नव्हती.

ओरेस्ते बान्दोनी